घट्ट कफ घेऊन या

मनूचा खोकला तीन आठवड्यांचा झाला तेव्हा माझी झोप उडाली. खरं तर आधीच उडाली होती. तीन आठवड्यांनी ती अधिकृत झाली, एवढंच. एक्स-रेत उजव्या बाजूला एक सावली दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "दोन शक्यता आहेत. एक तर जंतांची पिल्लं फुफ्फुसातून चाललीयत. तसं असेल तर आपोआप निवळेल. नाही तर टीबी. थोडं थांबू. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी ठरवू."

टीबी ठरला तर नव्वद इंजेक्शनं. मनू पाच वर्षांची. तिच्या अंगावर नव्वद जागा कुठे कुठे सापडतील, ह्याचं गणित मी अंथरुणात पडल्या पडल्या मांडत असे. साठाच्या पुढे कधी गेलं नाही.

नवरा जळगावला नोकरीला. शनिवारी यायचा आणि चपला काढता काढता म्हणायचा, "होईल गं बरी." त्याचं बरोबर असेल. पण मी पडले लॅब टेक्निशियन. काळजी कशाकशाची करता येते ह्याची यादी इतर बायकांना अंदाजानं करावी लागते, मी तिच्यावर परीक्षा देऊन पास झालेली!

तर जागेपणी मी मनूचे खोकले मोजायचे, आणि दोन खोकल्यांच्या मधे मन रमवायला लॅबमधले किस्से आठवायचे. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. लॅबच्या माळ्यावर रिकाम्या बाटल्या साचतात तसे ते साचले. कुणाच्या ते आठवत नाही, फेकवत नाहीत, आणि झाकण एकीचं दुसरीला.

* * *

आमची लॅब धुळ्यात. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. खाली डॉक्टरांचा दवाखाना, वर लॅब. वर आम्ही तिघं. नाना हे सगळ्यांत जुने टेक्निशियन, मूळचे भडगावचे, रिटायर व्हायला चार-पाच वर्षं राहिलेली. सलीमभाई नमुने घ्यायचे, काचा धुवायचे, रजिस्टर लिहायचे आणि पेशंटवर ओरडायचे. उरलेलं मी.

खोकल्याचा पेशंट आला की सगळं गाव टीबी शोधायचं. आमचे डॉक्टर टीबी शोधायचेच, पण तो नाही सापडला की त्यांचा चेहरा उजळायचा. "आता बघा," म्हणायचे, "काही हलतंय का." फुफ्फुसात जाऊन बसणारे परजीवी, म्हणजे जंत आणि त्यांचे सगेसोयरे, हा त्यांचा छंद होता. कुणाला कॅरम असतो, त्यांना हे.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला फळ्यावर जंताचा प्रवास काढून दाखवला. मातीतलं अंडं तोंडावाटे पोटात. तिथे पिल्लू बाहेर येतं, आतड्याला भोक पाडतं, रक्तातून यकृतात, तिथून फुफ्फुसात. फुफ्फुसात खोकला आणतं, श्वासनळी चढून घशात येतं, आणि माणूस ते गिळतो. म्हणजे परत पोटात.

नाना मागे उभे होते. म्हणाले, "धुळ्याला बसायचं, चाळीसगाव करायचं, जळगाव करायचं, आणि उतरायचं पुन्हा धुळ्यालाच! मग तिकीट काढलं कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "नाना, जंताला हे विचारणारे तुम्ही पहिले."

* * *

आमच्या धंद्याची खरी अडचण यंत्रांची नव्हती, थुंकीची होती. आम्हाला हवा असतो छातीतून खोकून काढलेला कफ. माणसं आणतात तोंडातली लाळ. सभ्य माणसं तर तीही आणत नाहीत. "तुमच्यासमोर कसं थुंकायचं, बाई?" म्हणतात आणि रिकामी बाटली हसत परत देतात.

म्हणून सलीमभाईंनी शिकवणी सुरू केली. मागच्या गच्चीवर पेशंटना रांगेत उभं करायचे आणि स्वतः करून दाखवायचे. "थूकना नहीं! खाँसना! अंदर से! ऐसा!" आणि मग असा खोकला काढायचे की खाली दवाखान्यातली मुलं रडायची थांबायची.

एकदा एक औषध कंपनीचा नवा प्रतिनिधी जिन्यात उभा होता. त्यानं तो खोकला ऐकला, बॅग उघडली आणि सलीमभाईंच्या हातात खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या ठेवल्या. "चाचा, दिवसातून तीन वेळा. आणि बिडी सोडा."

सलीमभाईंनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. तरी औषध घेतलं. आठ दिवसांनी मी विचारलं, "काही फरक?"

"खाँसी वैसीच है," ते म्हणाले, "लेकिन शिकवायला थोडी सोपी झाली."

* * *

साक्रीकडचा एक माणूस आला. पागोटं, हातात लोणच्याची बरणी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. आम्ही त्याला सांगितलं होतं, चमचाभर कफ पुरे.

मी घाबरले. एवढा कफ एका माणसाच्या छातीत असेल तर तो चालत कसा आला? "भाऊ, हे सगळं तुमचं?"

तो जरा दुखावला. "एकलाना कितला व्हई, ताई? बठ्ठा घरना शे!"

घरातल्या सगळ्यांनी मिळून बरणी भरली होती. अकरा माणसं. तपासायचं तर सगळ्यांचं एकदाच तपासून होईल, असा साधा हिशेब. मी बरणी घेऊन खाली गेले. डॉक्टरांनी ती उजेडात धरून पाहिली.

"रिपोर्ट कुणाच्या नावानं द्यायचा?" त्यांनी विचारलं.

"मोठा भाऊनं नाव टाका," तो म्हणाला. "एकत्र कुटुंब शे."

आम्ही हसलो. पण नानांनी ती बरणी तपासली. आणि तिच्यात इओसिनोफिल दिसले, म्हणजे गुलाबी दाणे भरलेल्या त्या पेशी, ज्या जंतांचा वगैरे सुगावा लागला की वाढतात. आता हे कुणाचे? अकराही जणांना बोलवावं लागलं. बैलगाडी दवाखान्यासमोर उभी राहिली. अकरा जणांचं रक्त घेतलं. दहा जण ठीक होते. मोठा भाऊ तर ठणठणीत!

अकरावी धाकटी सून होती. तिला चार महिने खोकला होता. घरात आवाज नको म्हणून ती गोठ्यात जाऊन खोकायची. कुणाला खोकला आहे असं घरात विचारलं तेव्हा ती गोठ्यात होती.

* * *

दुसरा साक्रीकडचाच. मेंढपाळ. खोकताना एकदम तोंडभर खारट पाणी आलं, आणि त्याबरोबर द्राक्षाची सालं असावीत तसे पांढरट पापुद्रे. त्यानं ते पळसाच्या पानात बांधून आणले होते, घट्ट, वर काटकी टोचून.

"मी काही द्राक्ष खादा नही, साहेब," तो आधीच म्हणाला. वाटेत कुणीतरी त्याला हे विचारलं असावं.

डॉक्टरांनी पान उघडलं आणि खुर्चीवरून उठले. ते खुर्चीवरून सहसा उठत नसत. पापुद्रे वर आले, काचेवर गेले, आणि मायक्रोस्कोपखाली दिसले बारीक आकडे, मांजराच्या नखांसारखे. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीच्या पिल्लांचे ते आकडे. ही पिल्लं कुत्र्याकडून गवतावर, गवतातून मेंढीत, आणि चुकून माणसात. माणसाच्या फुफ्फुसात पाण्याची पिशवी करून राहतात. ह्याची पिशवी फुटली होती. आम्ही सगळ्यांनी रांग लावून ते आकडे पाहिले. मेंढपाळानंही पाहिले. "कितला बारीक!" म्हणाला, जरा अभिमानानं.

डॉक्टरांनी त्याला ऑपरेशनसाठी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली आणि अर्धा तास समजावलं. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका. हात धुवा. मेंढी कापली तर आतलं कुत्र्याला घालू नका. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ते बठ्ठं समजनं," तो म्हणाला. "पन मना कुत्रासले कोन तपासी?"

डॉक्टर म्हणाले, "बघू."

डॉक्टर 'बघू' म्हणाले की आम्हाला कळायचं, ह्याचा अर्थ 'नाही'. त्याला ते कळायचं कारण नव्हतं. ऑपरेशन होऊन, बरा होऊन तो माणूस दोन महिन्यांनी आला तो तीन कुत्रे घेऊन. जिन्याच्या कठड्याला ओळीनं बांधले. तिघंही शांत बसले. आमच्या पेशंटांपेक्षा खूपच शांत.

सलीमभाईंनी रजिस्टर उघडलं. त्यांचा नियम होता, जिना चढून जो आला त्याची नोंद. नाव: मोत्या. वय: चार. स्त्री/पुरुष: पुरुष. कोणी पाठवले: स्वतः.

संध्याकाळी डॉक्टरांनी रजिस्टर चाळताना त्या ओळीवर बोट ठेवलं.

"उपाशीपोटी आला होता का?" त्यांनी विचारलं.

* * *

आता माझा किस्सा. हा मी स्वतःहून कधी सांगत नाही. नाना सांगतात. पण मनूच्या खोकल्याच्या त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त हाच आठवायचा, म्हणून सांगते.

डॉक्टर दर बुधवारी जळगावला बसत. तिकडचे नमुने पत्र्याच्या पेटीत घालून एस.टी.नं आमच्याकडे येत. एका बुधवारच्या पेटीत यावलकडच्या एकाच गावच्या तीन बायकांचे नमुने होते. पहिल्या काचेवर मला काहीतरी दिसलं. बारीक, लांबट, अंगावर वेटोळ्यांच्या रेघा. अळीच! कफात जिवंत अळी सापडणं म्हणजे काय ते डॉक्टरांनी फळ्यावर शिकवलेलं होतं. दुसरी काच घेतली. तिच्यातही. तिसरी. तिच्यातही!

मी खाली धावले. डॉक्टर वर धावले. तिन्ही काचा एकेक करून पाहिल्या. एका गावात तीन बायकांच्या फुफ्फुसात अळ्या! त्यांनी त्याच दिवशी मुंबईला एका प्राध्यापकांना पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. त्यात माझं नाव होतं. मी नवऱ्याला जळगावला ट्रंक कॉल केला. तो म्हणाला, "होईल गं बरं." त्याला वाटलं मीच आजारी आहे.

तिघींना फेरतपासणीला धुळ्याला बोलावलं. नवीन नमुने घेतले. पुन्हा अळ्या. पहिल्यापेक्षा जास्त!

तेवढ्यात नाना रजेवरून आले. त्यांनी काच लावली, पाहिली, सरकवली, पाहिली. "पोरी, ही हलते का?"

"नाही. मेलेली असेल."

"ती?"

"तीही."

"तिघींच्या सगळ्याच मेल्या? एकीलाही दम नाही?"

सलीमभाई बाजूला काचा धुत होते. त्यांनी हात पुसले, बाहेर गेले आणि तिघींतल्या सर्वांत मोठ्या अक्काला विचारलं, "अम्मा, सुबह कुछ खाया क्या?"

"काही नाही बापा," अक्का म्हणाली. "निस्ते केये खाल्ले."

केये म्हणजे केळी. तिकडे तसंच म्हणतात.

"किती?"

"मी चार. ह्या दोघींनी तीन-तीन."

डॉक्टर दारात आले होते. "नमुना द्यायच्या आधी केळी का खाल्ली?"

अक्कानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हीच सांगलं ना, घट्ट कफ घेऊन या. मले कफ होतच नव्हता. केयानं कफ होतो, हे काय सांगा लागते का? गाडीतून उतरलो, केये खाल्ले, मंग खोकललो. ह्या दोघींले बी मीच सांगलं."

केळ्याच्या गरात बारीक स्प्रिंगसारख्या नळ्या असतात. मायक्रोस्कोपखाली त्या अगदी वेटोळ्यांच्या अळीसारख्या दिसतात. ज्याला माहीत आहे त्याला अळीसारख्या. ज्याला जास्त माहीत आहे त्याला केळ्यासारख्या.

डॉक्टरांनी पत्र फाडलं. चार तुकडे केले, मग आठ. मग मला म्हणाले, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

"चोपडा."

"वडील काय करतात?"

"शेती."

"कसली?"

"केळीची," मी काचेकडे बघत म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक काच होती. तिच्यावर केळ्याची पातळ चकती, आणि नानांच्या अक्षरात चिठ्ठी: 'नॉर्मल'.

पुढच्या वेळी फॉर्म छापून आले तेव्हा नाव, वय, पत्ता ह्यांच्या खाली एक नवीन ओळ होती. केळी खाल्ली का? होय / नाही.

मुद्दा असा, की तेव्हापासून मी जे पाहते त्यावर माझा विश्वास उरला नाही. अळी दिसली की मला केळं दिसतं. आणि आता माझ्याच मुलीच्या फुफ्फुसात अळी आहे की आणखी काही, हे ठरायचं होतं.

* * *

लॅबमध्ये एक न लिहिलेला नियम होता. आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही. हा नियम नानांनी घातला, कारण त्यांनी एकदा मेव्हण्याचं रक्त तपासून सगळं नॉर्मल दिलं आणि मेव्हणा कावीळ घेऊन आठवडाभर लग्नात जेवत फिरला. "नात्यातल्या माणसाचं रक्त पिवळं दिसतच नाही," ते म्हणायचे.

मनूचं रक्त घेतलं त्या दिवशी मी काच करून ठेवली आणि वाचायला बसले. नानांनी खुर्चीसकट मला बाजूला केलं.

ते मोजत होते, मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. काउंटरची कळ टकटक वाजायची. इओसिनोफिलची कळ उजवीकडची. ती फार वाजत होती. शंभरात चार-पाच असाव्यात.

"एक्केचाळीस," नाना म्हणाले.

"पुन्हा मोजा."

"तीन वेळा मोजलं, पोरी."

"तिन्ही वेळा एक्केचाळीस?"

"तिन्ही वेळा एक्केचाळीस आले असते तर मी खोटं मोजतोय असं समज. एकदा एकोणचाळीस, एकदा एक्केचाळीस, एकदा त्रेचाळीस. मधला दिला."

मी जरा हुशारले. जंतच असणार! पण डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जीनंही वाढतात. दम्यानंही. आणि टीबी असलेल्या मुलाला जंत नसतात असा काही कायदा नाही." शौचाच्या तपासणीत अंडी नव्हती. "ती आता असणारही नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पिल्लं अजून फुफ्फुसात फिरतायत. मोठी होऊन अंडी घालायला त्यांना दोन महिने लागतील. तेवढं आपण थांबू शकत नाही."

* * *

कफ तपासायला हवा होता. पाच वर्षांचं मूल कफ थुंकत नाही, गिळतं. नळी घालून पोटातून काढता येतो, पण ते मी करू देणार नव्हते. सलीमभाई म्हणाले, "मेरे पास छोडो."

मनूला गच्चीवर स्टुलावर उभं केलं. सलीमभाईंनी आपला प्रसिद्ध खोकला काढून दाखवला. मनूनं टाळ्या वाजवल्या. मग नाना खोकले. मग मी. मग तिथे बसलेले दोन पेशंट, ज्यांना आठवडाभर खोकला निघत नव्हता, तेही भरात येऊन खोकले, आणि त्यांचे नमुने तिथल्या तिथे मिळाले. डॉक्टर जिन्यातून ओरडले, "काय चाललंय वर?" आणि वर येऊन, परिस्थिती पाहून, तेही खोकले.

मनू सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. मग स्टुलावरून उतरली.

"आधी ह्यांना औषध द्या," ती मला म्हणाली.

बाटली कोरडीच राहिली.

* * *

सोमवार आला. नवा एक्स-रे काढला. त्या दिवशी लाइट इतकी कमी होती की पंखा फिरतोय हे पाती मोजून कळत होतं. सावली आधीपेक्षा फिकी होती. किंवा फोटोच फिका आला होता. डॉक्टरांनी तो खिडकीला लावून पाहिला, लांबून पाहिला, उलटा करून पाहिला.

त्यांच्यासमोर मी, माझ्या मांडीवर मनू. दारात नाना रजिस्टर घेऊन उभे, त्यांच्या मागे सलीमभाई. दोघांचंही खाली काही काम नव्हतं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "सगळं जुळतंय. पेशी जुळतायत, खोकला जुळतोय. एकच गोष्ट जुळत नाही. जंताचं पिल्लू फुफ्फुसात जायला अंडं आधी तोंडात जावं लागतं. अंडं असतं मातीत. लोकांच्या पायखान्याची माती, न धुतलेली भाजी. तुमच्या घरात ते कुठून येणार?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणीतरी विचारलं! मी सांगायला सुरुवात केली. पाणी वीस मिनिटं उकळते. कोथिंबीर लाल औषधाच्या पाण्यात बुडवते, जांभळी होईपर्यंत. चपला उंबऱ्याबाहेर. नखं दर शनिवारी. मनूचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा, पेला वेगळा. काकडी सोलून, सफरचंदही सोलून. आठवडी बाजारातलं उघडं काही नाही. हे जंतांचं सगळं मी रोज बघते, डॉक्टर, माझ्या घरात मातीचा कण शिरणार नाही.

डॉक्टर मान हलवत होते. "हो. तेच. अशा घरात जंत व्हायचे नाहीत."

आणि त्यांनी केसपेपर पुढे ओढला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले. मी माझी स्वच्छता सांगत होते आणि एकेका वाक्यानं माझ्या मुलीला नव्वद इंजेक्शनांकडे ढकलत होते. मला वाटलं, सांगावं, नाही हो डॉक्टर, खोटं बोलले, आमच्या घरात सगळी घाणच असते. पण कुणी विश्वास ठेवला नसता. माझ्या डब्यातली पोळी दोन फडक्यांत बांधलेली असते हे सगळ्यांना ठाऊक.

डॉक्टरांनी तारीख लिहिली. इंजेक्शनाचं नाव लिहिलं. मग, लिहिण्याआधी मुलाशी एकदा बोलायचं अशी त्यांची पद्धत होती ती ह्या वेळी विसरली असं वाटून की काय, पेन तसंच धरून म्हणाले, "मनूबाई, माती खाता का?"

"छी!"

"मातीत खेळता?"

"नाही. मातीत जंतू असतात." माझंच वाक्य, शब्दन् शब्द.

पेन पुन्हा कागदाला टेकलं.

दारातून नाना म्हणाले, "मग गं, दुपारी आई इथे असते तेव्हा तू शेजारच्या मावशीकडे काय करतेस?"

"काम," मनू म्हणाली.

"कसलं काम?"

"लॅब."

मी म्हटलं, "अहो, खेळ असतो तिचा. भातुकलीसारखा." मला खेळ आहे हेही माहीत नव्हतं.

"कुठे आहे तुमची लॅब?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीच्या घरामागे, मोरीच्या पलीकडे. तिथे बाटल्यांची सहा झाकणं आहेत. एका झाकणात नळाजवळची माती असते. एकात कोंबड्या बसतात तिथली. एकात शेजारच्या गुड्डूच्या घरामागची, जिथे तो सकाळी बसतो. प्रत्येक झाकणाला नंबर असतो, खडूनं. पेशंट रोज येतात. गुड्डू रोज येतो. मनू हे सगळं बोटांवर मोजत सांगत होती, आणि माझ्या मांडीवर तिचं वजन मला एकदम जास्त वाटायला लागलं.

डॉक्टरांनी पेन टोपणात घातलं.

"आणि तपासता कशा?"

मनूनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "मायक्रोस्कोपला आई हात लावू देत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी चाखून बघते."

सलीमभाईंनी तोंडाला रुमाल लावला. डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढलं, इंजेक्शनाच्या नावावर एक आडवी रेघ मारली, आणि तीच रेघ पुन्हा गिरवत, एका लॅबवाल्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "बरं. आणि मग रिपोर्ट?"

मनू म्हणाली, "कडू लागली की पॉझिटिव्ह."